खांबेट्यांचा चावायचा चहा

खांबेट्यांनी चहा विचारला, तर हो म्हणण्याआधी एवढं विचारून घ्यावं: प्यायचा की चावायचा?

मी पहिल्या दिवशी विचारलं नाही आणि फसलो. कलकत्त्यातला वैशाख, अंगातून पाण्याच्या धारा लागलेल्या, आणि समोर हा काटकुळा माणूस अंगात हातविणीचा स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी घालून उभा. टोपीच्या खिडकीतून फक्त डोळे आणि नाक बाहेर. स्वेटरच्या गळ्यात दोरीनं बांधलेला थर्मामीटर. मी मराठीत बोललेलं ऐकून त्यांचे डोळे चमकले. "चहा घेणार?" म्हणाले, आणि माझ्या तळहातावर बदामी रंगाची एक चौकोनी वडी ठेवली.

मला वाटलं, साबण.

"चावा, चावा! उणे सहा अंशांवरचा आहे. काल संध्याकाळी गोठवलाय." मग खिशातून शाळकरी पोरांची असते तसली वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "हं. द्या जबाब."

मी नवखा. समोरचा माणूस आपल्याला बर्फ देणार आहे, तर गोड बोलावं, एवढाच हिशोब. म्हणालो, "छान आहे."

खांबेट्यांनी वही मिटली. "छान हा जबाब नव्हे. छान म्हणणाऱ्याला मी परत विचारत नाही." आणि खरोखरच पुढची अकरा वर्षं विचारलं नाही!

सांगायचं म्हणजे, मी धंद्यानं कोकमवाला. चिपळूणकडून एक पत्र्याची पेटी आणि आमसुलांचं एक पोतं घेऊन कलकत्त्याला आलो तेव्हा मला बंगालीतला एक शब्द येत नव्हता. एस्प्लनेडला हातगाडी लावली. लाल रंग बघून लोक बिचकायचे. पहिला पेला मी गळ्यात मारायचो, दुसरा ते मागून घ्यायचे. आज अर्ध्या एस्प्लनेडला 'जादबबाबूर शरबत', म्हणजे जाधवबाबूंचं सरबत, ठाऊक आहे, आणि हे मी कुणाच्या मेहेरबानीवर केलेलं नाही. भाव करून केलं आहे. मी रेल्वेच्या हमालाशी भाव केला आहे, पोलिसाशी केला आहे, एकदा दाढ काढताना तोंड उघडं ठेवून डॉक्टरशी केला आहे.

फक्त एका माणसापुढे माझी डाळ शिजली नाही. खांबेटे.

सियालदहच्या घाऊक मासळी बाजारामागे एक बर्फाचा कारखाना होता, तिथे ते मुख्य मिस्त्री. जमिनीत भलीमोठी मिठाच्या पाण्याची टाकी. त्या पाण्यात पत्र्याचे उंच साचे उभे सोडलेले. मिठाचं पाणी शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही गोठत नाही आणि साच्यातल्या साध्या पाण्याची लादी होते. सगळ्या सियालदहची मासळी या लाद्यांवर निजायची आणि माझं सरबतही यांच्याच जिवावर.

आता बंगाल्यांत एक सुंदर रीत आहे. फुचक्याच्या गाडीवर पोटभर पाणीपुऱ्या खाल्ल्या की शेवटी एक पुरी वर मिळते. तिला 'फाउ' म्हणतात. मासळीवाला कोथिंबिरीची काडी फाउ देतो, पानवाला सुपारीचं खांड देतो. मी रोज तीन लाद्या घेणारं गिऱ्हाईक. म्हटलं, एखादा फुटका कोपरा फाउ द्याल की नाही? आपण मराठी माणसं!

"पाणी शून्याला गोठतं," खांबेटे म्हणाले. "मराठी असलं तरी शून्यालाच गोठतं. फाउ मिळणार नाही."

अकरा वर्षं! एक खडा नाही! माझं डोकं असं तापायचं की त्यावर त्यांनी लादी ठेवली असती तरी वाफ झाली असती. आणि राग कशाचा जास्त, तर हाच माणूस रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला गोणपाटात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा काखेत मारून घरी जायचा. घर कुठे, तर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. पण कलकत्त्यातल्या कुठल्याही मराठी माणसानं त्या घराचा उंबरा पाहिलेला नव्हता. गणपतीत मंडळाच्या वर्गणीला गेलेल्यांनाही त्यांनी कारखान्याच्या फाटकावरूनच वाटेला लावलं होतं. वहिनींचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "मंडळी कोकणात असतात." सगळे म्हणत, कंजूष आहे, घरी कुणाला चहा पाजावा लागेल म्हणून बोलावत नाही. मी तर पुढे जाऊन सांगायचो की बर्फ चोरतो.

पण एक मान्य करतो. त्या माणसाशी भांडायला जाण्यात मजा होती. दुसऱ्याला सिनेमाचं वेड असतं, यांना गोठवण्याचं. जे म्हणून पिता येतं, ते दोरीला बांधून टाकीत सोडायचं, आणि मग त्याच्याबद्दल असं बोलायचं जसं स्थळ बघून आले आहेत.

"दूध," खांबेटे सांगायचे, "दिसायला साधं. पण एकदा गोठून वितळलं की घरात दोन तट. मलई वेगळी, पाणी वेगळं. पुन्हा नांदत नाहीत. ताक त्याहून भांडखोर. शहाळ्याचं पाणी गोड बोलून फसवतं. बिअर आधी फुगते, मग बाटली फोडते, मग लाद्यांवर सांडते आणि मालक माझा वास घेतात! रम मात्र निर्लज्ज. उणे दहाला काढली तरी बाटलीत डुलत असते. तिला लाजच नाही, गोठेल कशाला?"

"आणि माणसं?" मी एकदा चिडवलं.

"माणसांचंही तसंच. गारठ्यात धरल्याशिवाय खरा जबाब देत नाहीत."

एकदा मी भांडायला गेलो तेव्हा हातात गोळीच्या सोड्याची बाटली होती. उकाड्यानं कोमट झालेली. खांबेट्यांनी ती ओढून घेतली, मिठाच्या पाण्यात सोडली आणि मला तासभर बसवून ठेवलं. कुणी टाकीच्या फळीवर पाय आपटला तरी ओरडत. "अरे, हळू! धक्का नको! झोपलाय तो!" मग दोन बोटांनी, तान्ह्या मुलाला उचलावं तशी बाटली वर काढली. आत सोडा जसाच्या तसा. पाणीच. मी म्हणालो, "हे काय? गोठला कुठे?"

"उणे पाच आहे. गोळी दाबा!"

मी गोळी दाबली. फुस्स झालं, आणि देवाशपथ सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत वरून खाली पांढरं धुकं उतरत गेल्यासारखा सगळा सोडा गोठला! एका श्वासात! मी "आई गं!" म्हणून ओरडलो. खांबेटे माकडटोपीसकट नाचत होते. "पाहिलंत? कोंडलेला होता तोवर धीर धरून होता! दार उघडलं आणि संपला! ढोंगी, ढोंगी लेकाचा!"

पहिल्या दिवशीची ती वडी सोडली, तर अकरा वर्षांत त्यांनी मला फुकट दिलेलं तेवढंच. आणि ती बाटलीही माझीच.

आता मुख्य भांडणाकडे येतो.

एस्प्लनेडला साहाबाबूंचं कापडाचं मोठं दुकान. दुकानाच्या पायऱ्यांशेजारी, छपराखाली, दोन हात रुंद एक कोनाडा रिकामा होता. तिथे त्यांचे दरवान छत्र्या ठेवायचे. मी आयुष्यात ज्या दोन-तीन गोष्टींवर जीव टाकला त्यातली ही एक. डोक्यावर छप्पर, पाठीला भिंत! हातगाडी उचलून नेईल या भीतीनं पोलिसाची टोपी दिसली की पळायचं, हे आणखी किती वर्षं करायचं? दोन वर्षं मी साहाबाबूंच्या मागे होतो. शेवटी ते म्हणाले, "जादबबाबू, पहिला बैशाखला आमच्याकडे तीनशे गिऱ्हाइकं येतात. सरबत तुमचं. लोक खूश झाले, तर जागा तुमची. नाहीतर पुन्हा तोंड दाखवायचं नाही."

पहिला बैशाख म्हणजे बंगाली नववर्ष. त्या दिवशी दुकानदार जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून मिठाई आणि थंडगार सरबत देतात. सरबत थंड नसेल तर वर्षभर टोमणे.

आणि ते दिवस लोडशेडिंगचे! वीज कधी जाईल याचा नेम नाही. ऐन दिवशी लाद्याच मिळाल्या नाहीत तर? शिवाय सरबतात बर्फ टाकला की ते पातळ होतं. मी रात्रभर विचार केला आणि मला अशी युक्ती सुचली की मी स्वतःच स्वतःच्या पाठीवर थाप मारली. पाण्याची लादी करून सरबतात टाकायचीच कशाला? सरबताचीच लादी करायची! आधीच करून भुशात ठेवायची, तिथे नेऊन फोडायची, वितळेल तसं पेल्यात. थंड, आणि पाण्याचा थेंब जास्त नाही!

खांबेट्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली. एवढ्या वर्षांत त्यांचं टक्कल मी प्रथमच पाहिलं.

"जाधव, हे करू नका. थंडीत आधी गोठतं ते पाणी. साखर, आंबटपणा, रंग, सगळं मध्ये पळतं आणि शेवटपर्यंत दम धरतं. वितळताना उलटं. आधी अर्क सुटतो, मागे नुसतं पाणी उरतं. पहिला पेला राजा, शेवटचा पेला भिकारी! सरबत तसंच न्या, बर्फ बाहेरून लावा."

"म्हणजे किती लाद्या लागतील?"

"वीसेक."

लागला ना पत्ता! वीस लाद्या खपवायच्या होत्या गृहस्थाला! मी म्हणालो, "खांबेटे, राजा-भिकारी मला शिकवू नका. तुमची विक्री बुडते म्हणून पोटात दुखतंय."

"जाधव!"

"सहा साचे सरबताचे गोठवून द्या. देता की दुसऱ्या कारखान्यात जाऊ?"

त्यांनी वहीतलं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, 'खांबेटे यांनी बजावून सांगितले. जाधव यांनी ऐकले नाही.' खाली माझी सही घेतली. मी रागाच्या भरात अशी सही केली की कागद फाटला.

पहिला बैशाख उजाडला. सकाळी आठला मी साहाबाबूंच्या दारात सहा लाल लाद्या घेऊन हजर. काय दिसत होत्या! लोक हात लावून बघत होते. पहिली लादी फोडली, तर पोटातून गडद लाल रस भळाभळा वाहिला. पेले भरले. पहिला पेला साहाबाबूंच्या सासऱ्यांना. म्हातारबुवांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि ओरडले, "दारुण!" म्हणजे बंगालीत फारच झकास. गर्दी उसळली. दारुण, दारुण! लोक दुसऱ्यांदा मागत होते. मी त्या कोनाड्याकडे बघून मनातल्या मनात फळ्या ठोकायला लागलो.

दहाच्या सुमारास एका बाईंनी पेला उजेडाकडे धरून पाहिला. मी तिकडे दुर्लक्ष केलं. साडेदहाला एक मुनीम म्हणाले, "साखर कमी झाली वाटतं?" मी म्हणालो, "तुमच्या तब्येतीला तेच बरं." पावणेअकराला मी स्वतः चाखलं. गुलाबी पाणी! पिंपात लाद्यांचे तुकडे तर ढीगभर, पण फिके, काचेसारखे. वरून घालायला अर्क नाही, कारण तो मी शेवटच्या थेंबापर्यंत साच्यांत ओतला होता. आणि मोठी गिऱ्हाइकं, ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, ती आत्ता कुठे गाड्यांतून उतरत होती.

एका लठ्ठ बाबूंनी घोट घेऊन पेला खाली ठेवला. "ए की मोशाय! ए तो शुधु जॉल!" हे काय, हे तर नुसतं पाणी!

साहाबाबू माझ्याकडे आले. ओरडले असते तर मी भांडलो असतो. ते हळू आवाजात म्हणाले, "जादबबाबू, आपली गाडी इथून काढा."

एवढ्यात रस्त्यावर घंटेचा आवाज आला. एका सायकलठेल्यावर चार उंच डब्यांना मिठी मारून एक आकृती बसली होती. भर उन्हात माकडटोपी. ठेला थांबायच्या आत खांबेट्यांनी उडी मारली, माझ्याजवळ आले आणि विचारलं,

"भिकारी आला का?"

मी मान डोलावली. 

"सरका." त्यांनी गोणपाट सोडलं, झाकण काढलं. आत लाल बर्फ होता, पण लादी नव्हे. भुसभुशीत, रवाळ, ओल्या वाळूसारखा. त्यांनी पळीनं पेला भरला आणि त्या लठ्ठ बाबूंच्या हातात दिला. "चिबिये खान," चावून खा, असं असल्या थाटात सांगितलं की बाबूंनी आज्ञाधारकपणे चावलं.

मग त्यांनी पेला संपवला, बोटानं पुसून घेतला, आणि पुढे केला. पुन्हा भरा.

चारही डबे तळापर्यंत रिकामे झाले. शेवटचा पेला साहाबाबूंनी स्वतः घेतला. त्याचा रंग पहिल्यासारखाच, चवही तीच. ते कोनाड्याकडे बघत दरवानाला म्हणाले, "छत्र्या आत ठेव."

मी वळलो तर खांबेटे ठेल्यावर चढत होते. हात सुजलेले, बोटं लाल. "हे केलंत कसं?" मी विचारलं.

"गोठताना ढवळत राहायचं. पाण्याला एकट्याला पुढे पळू द्यायचं नाही. पहाटेपासून बसलो होतो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला जायला हवं." आणि गेलेसुद्धा! डबे माझ्याकडेच राहिले.

डबे घासता घासता माझ्या डोक्यात आलं, एवढं कोकम यांच्याकडे आलं कुठून? मी तर दिलं नव्हतं. मग आठवलं. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला खांबेटे माझ्याकडून आमसुलं घ्यायचे, वर्षभराची, एकदम. तेवढं एकच गिऱ्हाईक माझ्याशी भाव करत नसे. त्यांनी जवळजवळ अख्ख्या वर्षाचं कोकम माझ्या भिकाऱ्यात घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चार डबे आणि आमसुलांचं एक पोतं घेऊन कारखान्यामागच्या गल्लीत गेलो. एकच खोली. वाऱ्यासाठी दार उघडं होतं. हाक मारणार, तोच थांबलो.

खांबेटे पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. टोपी नाही, स्वेटर नाही. पलंगावर उशांना टेकून एक बाई. चेहऱ्याची एक बाजू उतरलेली, एक हात मांडीवर निश्चल. त्या हातातसुद्धा हिरव्या बांगड्या कुणीतरी नीट भरलेल्या होत्या. खांबेटे बशीतला लाल बर्फाचा कण चमच्याच्या टोकावर घेत, त्यांच्या जिभेवर ठेवत, आणि तो विरघळेपर्यंत थांबत. बशी खूप मोठी नव्हती. त्यांना घाईही नव्हती.

"हा शेवटचा," ते म्हणाले. "पहिल्यासारखाच ना गं?"

बाईंनी चांगल्या हाताचं बोट उचललं.

माझ्या हातातला डबा खाली टेकला आणि वाजला. खांबेट्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी डबे आत घेतले.

"पाणी गिळता येत नाही तिला," ते हळूच म्हणाले. "ठसका लागतो. जीव घाबरा होतो. असा कण ठेवला की उतरतं घशाखाली. बारा वर्षं झाली. पूर्वी मंडळात गायची. आपल्याला असं कुणी पाहू नये, म्हणाली. तेव्हा बोलता येत होतं थोडं." मग पलंगाकडे वळून नेहमीच्या आवाजात, "अगं, हे जाधव. ते भांडखोर, सांगत नाही का मी रोज?"

बाईंच्या चेहऱ्याची एक बाजू हसली. म्हणजे मी रोज या घरात येत होतो तर!

"बसा. चहा घेणार?"

मी विचारलं नाही, प्यायचा की चावायचा.

त्यांनी कोपऱ्यातल्या भुशाच्या पेटीतून बशी काढली. बदामी रंगाचा रवाळ बर्फ. "कोकम जमलं. लिंबू जमलं. चहा काही जमत नाही. तिला सर्वांत आवडायचा तो चहा." खिशातून ती वही निघाली. पेन्सिल जिभेला लागली. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी सावकाश चावला. अख्खी बशी संपवली. 'छान' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही जमला, खांबेटे," मी म्हणालो. "सुरुवातीला कडू लागतो. आणि दुधाचे कण दातांखाली वेगळे येतात."

"वेगळे येतात?" ते पुढे सरकले. "कुठे? आधी की शेवटी?"

"शेवटी शेवटी जास्त."

"मी म्हणत नव्हतो! मी म्हणत नव्हतो!" ते भराभरा लिहीत होते. "दूध कमी करून पाहू?"

पलंगावरचा चांगला हात जोरात हलला. नाही, नाही.

"बरं बाई, दूध तेवढंच. मग आणखी ढवळू." त्यांनी वही मिटली, आणि मला दारापर्यंत सोडायला आले. उंबऱ्यावर थांबून जरा घुटमळले.

"उद्या पाचला या. नवीन लावतो."

"येतो."

"आणि जाधव," ते म्हणाले, "फाउ मिळणार नाही."